घरातल्या घरात थेट प्रक्षेपण

आमच्या अंगणाचं थेट प्रक्षेपण बरेच दिवस अखंड सुरू होतं. प्रेक्षकसंख्या शून्य होती.

यातलं दुसरं वाक्य आम्हाला फार उशिरा कळलं. तोवर कार्यक्रमाचा दर्जा राखण्यासाठी घरातल्या माणसांनी जे कष्ट घेतले, त्यांची कुठेतरी नोंद असावी म्हणून हा मजकूर.

आधी माझी माहिती, कारण घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे. सोलापुरातल्या एका दैनिकात मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्या. नाव छापून यायचं दुसऱ्याचं, चूक निघाली तर बोलणी माझी. त्या टेबलावर एकच नियम पाळला: दोन सूत्रांकडून खातरजमा झाल्याशिवाय बातमी सोडायची नाही. एका पुढाऱ्याच्या निधनाची बातमी मी अशीच अडवून धरली होती, कारण दुसरं सूत्र फोन उचलत नव्हतं. (दुसरं सूत्र म्हणजे तो पुढारीच. दुपारी त्याने फोन उचलला आणि मला भरपूर शिव्या दिल्या. बातमी छापली नाही.)

निवृत्त झालो, आणि सात रस्त्याच्या मागच्या गल्लीतल्या आमच्या घरात तपासण्यासारखं काही उरलं नाही. पाठोपाठ सुजाताही गेली.

सुजाता आमची एकुलती एक मुलगी. नर्स. इथल्या रुग्णालयातून थेट आयर्लंडच्या रुग्णालयात गेली. जाताना बॅगा नेल्या, स्कूटर अंगणात ठेवली. इथे होती तेव्हा ड्यूटीवरून आली की फाटकाबाहेर हॉर्न वाजवायची आणि शालन, म्हणजे माझी पत्नी, हातातलं काम टाकून फाटक उघडायला धावायची. (फाटकाची कडी बाहेरूनही उघडते. हे दोघींनाही माहीत होतं.)

व्हिडिओ कॉल व्हायचे. एका कॉलवर सुजाता म्हणाली, "पप्पा, कॉलवर तुम्ही दोघं माझ्याकडेच बघत बसता. काय खाल्लंस, बारीक झालीस, डोळे का सुजलेत. मला घर बघायचंय. तुम्ही माझ्याकडे बघत नसताना."

"म्हंजे कसं गं?" शालनने विचारलं.

"म्हणजे असंच. तू तांदूळ निवडतेयस, पप्पा पेपर वाचताहेत, लक्ष्मीअक्का गल्लीत कुणावर तरी ओरडताहेत. नुसतं चालू असलेलं घर."

मागणी स्पष्ट होती. मी ती हाती घेतली आणि तिथून बिघडायला सुरुवात झाली.

सात रस्त्यावरच्या दुकानदाराने कॅमेरा दाखवला. म्हणाला, "काका, फोनमध्ये कंपनीचं अ‍ॅप टाका, पोरीला बी टाकायला सांगा. झालं."

"म्हणजे आमच्या अंगणाचं चित्र आधी परक्या कंपनीच्या गोदामात जाणार आणि तिथून आमच्या मुलीला मिळणार?"

"व्हय की. समद्यांचं तसंच जातंय."

"आमचं जाणार नाही," मी म्हणालो. मालकाचं बाहुलं व्हायचं नाही हे बाणेदार वाक्य नोकरीत कधी बोलता आलं नव्हतं. ते कॅमेऱ्याच्या दुकानात बोलून घेतलं!

मग मी जुना संगणक खाली काढला, व्हिडिओ बघून बघून शिकलो आणि घरातच सर्व्हर उभा केला. सर्व्हर म्हणजे चोवीस तास दार उघडं ठेवून बसलेला संगणक. कुणी त्याचा पत्ता टाकून आला की हा त्याला आपल्याकडचं पान दाखवतो. आमच्या पानावर एकच गोष्ट होती: अंगण. फाटक, पेरूचं झाड, धुण्याचा दगड, माझी खुर्ची, कोपऱ्यात स्कूटर. चित्र आणि आवाज, दोन्ही.

नियमाप्रमाणे खातरजमा केली. माझ्या फोनवर पत्ता टाकला. अंगण दिसलं. मग शालनचा फोन मागितला.

"दिसतंय का?"

"दिसतंय की! ती बघा, माझी ओली चादर. अगं बाई, पेरूखाली किती पानं पडलीत. झाडला न्हाय व्हय तुम्ही?"

दोन सूत्रं. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र. (एक खुर्चीत बसलेलं, दुसरं स्वयंपाकघराच्या दारात उभं.) बातमी सोडली. एकशे ब्याण्णवपासून सुरू होणारा, आकड्यांचा आणि टिंबांचा तो पत्ता सुजाताला पाठवून दिला.

थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"पप्पा..." आणि मग जरा शांतता.

"दिसतंय का?"

"पप्पा, हे सगळं तुम्ही एकट्याने केलंत?"

"एकट्याने."

 मग म्हणाली, "दिसतंय पप्पा. मस्त दिसतंय."

ती शांतता माझ्या कानांनी टिपली होती, हे इथे नमूद केलं पाहिजे. पोरगी गहिवरली, असा मी तिचा अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालन तांदूळ निवडायला अंगणात आली ती जयंतीला नेसायची निळी साडी नेसून.

"कुठे निघालीस?"

"कुटं निगाले? पोरगी बघतीय की!" हे ती ओठ न हलवता, कॅमेऱ्याकडे हसतमुख चेहरा ठेवून म्हणाली.

मग मीही आत गेलो आणि इस्त्रीचा शर्ट घालून पेपर वाचायला बसलो. पेपर उलटताना घाई होऊ नये, चेहऱ्यावर विचार दिसावेत, याची काळजी घेतली. अग्रलेख दोनदा वाचला. चाकरीत असताना एकदाही वाचत नव्हतो! स्कूटरवर धूळ दिसते म्हणून तिच्यावर नवीकोरी चादर घातली, घडीच्या रेघांसकट. अंगणात एखाद्या प्रदर्शनाचं उद्घाटन व्हायचं राहिलंय असं वाटायला लागलं.

समोरच्या लक्ष्मीअक्कांना बातमी कळायला वेळ लागला नाही. अक्कांच्या घरी टॉवेलचे माग आहेत. मागांची खटखट दिवसभर चालू असते आणि तिच्यावर मात करण्यासाठी अक्कांचा आवाज घडलेला आहे. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशी असतानाच अक्का त्याला आपल्या दारातून वांग्यांचा भाव पाडून मागतात. त्या फाटक उघडून आत आल्या, कॅमेऱ्याखाली उभ्या राहिल्या आणि मान वर करून ओरडल्या, "सुजाता! अम्मा, तिन्नावा? जेवली का गं? बारीक नको होऊ!"

"अक्का, हळू बोला. ऐकू जातं तिला," मी म्हणालो.

"आयर्लंडला? एवढ्या लांब?" आणि अक्कांनी अंतर लक्षात घेऊन आवाज आणखी चढवला.

पुढे रोज येऊ लागल्या. नातीचं बारसं झालं तेव्हा बाळाला घेऊन आल्या आणि कॅमेऱ्यापुढे धरून उभ्या राहिल्या. बाळ रडलं तर बाळाला ओरडल्या, "हास! ताई बघतीय!" भाजीवाल्याशी त्या आता इतक्या मृदू बोलू लागल्या, की त्याने घाबरून भाव आपणच कमी केला. शालन आणि मी भांडण असलं तर मागच्या खोलीत जायचो, बोलून घ्यायचो आणि हसत अंगणात यायचो. अशी घरं मी फक्त जाहिरातींत बघितली होती.

दुपारी गल्ली शांत झाली की शालन कॅमेऱ्याखाली बसून बोलायची. "शेंगाची चटणी कुटली बघ आज. तुझा डबा भरून ठेवलाय. तिकडं येणारं कोण असलं तर सांग, म्हंजे देता येईल." डबा कॅमेऱ्याला दाखवायची, झाकण उघडून. मग थोडा वेळ तशीच वर बघत बसायची, उत्तर येणार असल्यासारखी.

संध्याकाळी फोनवर विचारायची, "आज कुठली साडी नेसले होते सांग बरं?"

"ती... तुला शोभते ना, तीच," सुजाता म्हणायची.

शालन खूश! मीही खूश. एवढ्या मोघम उत्तराबद्दल एखाद्या शिकाऊ वार्ताहराला मी उभं सोललं असतं.

भांडं फुटलं ते मोडनिंबमध्ये. मोडनिंब शालनचं माहेर. तिथे तिचा भाऊ बबन शेती करतो. त्याच्याकडे नव्या घराचा कार्यक्रम होता, शालन पुढे गेली होती. संध्याकाळी बबनचा फोन आला.

"जयभीम दाजी. ताई म्हणतीया अंगण दाव समद्यांस्नी. हितं तर काय बी दिसंना. नुसतं गोल गोल फिरतंय."

"तुमच्याकडे रेंज नसेल, बबनराव."

"रेंज न्हाय? परवा आख्खी म्याच बगितली आमी फोनवर! मोडनिंबला काय बी म्हना, रेंजला नाव ठिवू नका."

मागून शालनचा आवाज आला, "अहो, पावण्यांपुढं फोन धरून बसलीय मी! लाज गेली की!"

बबन जिद्दीला पेटला. हायवेवर जाऊन त्याने पुन्हा बघितलं. "न्हाय दाजी." दुसऱ्या दिवशी बाजाराला करकंबला गेला, तिथून फोन केला. "दाजी, करकंबात बी न्हाय. हितं एका पावन्याच्या फोनवर बगितलं, एका दुकानदाराच्या फोनवर बगितलं. समद्या फोनात गोल फिरतंय." एका दिवसात इतक्या ठिकाणांहून खातरजमा करणारा वार्ताहर आमच्या दैनिकाला कधी मिळाला नाही. मी मात्र इकडे खुर्चीत बसून फोन बघत होतो आणि मला अंगण स्वच्छ दिसत होतं. "माझ्याकडे दिसतंय," हे उत्तर मी बबनला पुन्हा पुन्हा दिलं. तेव्हा मी त्याला सत्य सांगत होतो, हे कृपया लक्षात घ्यावं.

शेवटी प्रत्यक्ष घटनास्थळी जायचं ठरवलं. घटनास्थळ म्हणजे 'बाहेर'. फोन समोर धरून फाटकातून निघालो. फाटकाबाहेर अंगण दिसत होतं. अक्कांच्या दारापर्यंत दिसत होतं. पुढे पिठाची गिरणी. गिरणीच्या पायरीपाशी चित्र अडखळलं, घरातलं वायफाय सुटलं आणि गोल फिरायला लागलं. मागे आलो, अंगण आलं. पुढे गेलो, गोल. मागे, अंगण. पुढे, गोल.

गिरणीवाले रशीदभाई पीठ झटकत बाहेर आले. "क्या साब, आगे-पीछे आगे-पीछे? जूता काट रहा क्या?"

"नाही रशीदभाई. सीमा बघतोय."

"किसकी सीमा?"

 सुजातासाठी उभं केलेलं माहेर पिठाच्या गिरणीपर्यंतच पोचत होतं. तिथून पुढे ते कुणाला दिसत नव्हतं. करकंबला नाही, मोडनिंबला नाही. मग आयर्लंडला...

घरी येऊन मी त्या पत्त्याचा अभ्यास केला. हे काम आधी करायला हवं होतं, हे मान्य. एकशे ब्याण्णवने सुरू होणारा पत्ता हा घरातल्या घरातला पत्ता असतो. प्रत्येक घरातली यंत्रं एकमेकांना ओळखायला तेच ठरावीक आकडे वापरतात. आकडा तोच, घर वेगळं. म्हणजे मी पाकिटावर 'आतली खोली, कपाटाशेजारी' एवढंच लिहून ते आयर्लंडला टाकलं होतं.

शालन परतल्यावर फोन लावला, स्पीकर सुरू ठेवून.

"सुजाता, एक विचारतो. आपला पत्ता उघडला की तुला नेमकं काय दिसतं?"



"पप्पा, रागावू नका."

"सांग."

"प्रिंटर."

"कसला प्रिंटर?"

"आमच्या फ्लॅटमधला. माझ्या मैत्रिणीचा. त्याचं पान उघडतं. कागद अडकलाय का, शाई किती उरलीय, असलं सगळं."

"मग दिसतंय म्हणून का सांगितलंस?"

"तुम्ही एकट्याने केलं होतंत ना."

शालनने तोंडाला पदर लावला होता तो काढला. "म्हंजे इतके दिस मी प्रिंटरला जेवलास का विचारत होते?"

"आई, तो उपाशीच होता. काळी शाई संपली होती."

तिघंही हसलो. शालन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं थांबलं आणि पाणी मात्र थांबेना. सुजाता म्हणाली, "पण मी रोज उघडायचे पप्पा. ड्यूटीवरून आल्यावर. वाटायचं, आज दिसेल."

यानंतर मी जे काही केलं ते माणसाने रागाच्या भरात करावं तसं केलं. आमच्या राउटरमध्ये, म्हणजे घरातल्या इंटरनेटच्या डबीत, बाहेरून येणाऱ्याला सर्व्हरपर्यंत नेणारी वाट उघडली. संगणकाच्या दारावरचा राखणदार, ज्याला फायरवॉल म्हणतात, त्याला सुजातासाठी वाट सोडायला सांगितलं. घराचा बाहेरचा पत्ता बदलला तरी माग काढणारं एक कायमचं नाव घेतलं आणि ते नाव सुजाताला आणि बबनला पाठवलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर बबनला फोन. प्रत्येक फोनला तेच उत्तर.

"न्हाय दाजी."

"आता?"

"न्हाय. माळावर जाऊन मेंढक्याच्या फोनवर बी बगितलं. हितं मेंढरं दिसत्यात, तुमचं अंगण न्हाय."

शेवटी इंटरनेट पुरवणाऱ्याच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या माणसाने चहा घेता घेता उलगडा केला. "काका, तुमच्या एकट्याच्या घराला बाहेरचा पत्ताच न्हाय. आख्ख्या भागाला मिळून एक पत्ता हाय. बाहेरून कोण आलं तर त्याला कुटल्या घरात सोडायचं, त्ये कळत न्हाय."

"मग आम्ही घरातून बाहेरचं सगळं बघतो ते कसं?"

"तुमी बाहेर जायचं म्हणलं की वाट असती की. बाहेर गेलेल्यानं आत यायचं म्हणलं की अडचण."

(हे त्याने तांत्रिक अर्थाने म्हटलं होतं. मीही तांत्रिक अर्थानेच ऐकल्यासारखं केलं.)

"आमच्या घराला स्वतंत्र पत्ता मिळेल का?"

"मिळतोय की. उद्या करतो."

उद्या गेलो, तर उद्या म्हणाला. परवा फोन केला, तर उद्या. मग त्याने फोन उचलणं बंद केलं आणि मी करणं.

"राहू द्या हो," शालन म्हणाली. "न्हाय दिसत तर न्हाय दिसत. व्हिडिओ कॉल हाय की."

अशा रीतीने कार्यक्रम बंद पडला. निळी साडी कपाटात गेली. कॅमेरा काढायचा तर स्टुलावर चढायला हवं, आणि माझ्या स्टुलावर चढण्याला शालनचा कायमचा विरोध असतो, म्हणून तो राहिला. संगणकही चालूच राहिला. वीज फुकट जळते म्हणून शालन कुरकुर करायची. मी सांगायचो, एकदम बंद केला तर बिघडतो. (हे अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं मी तिला सांगितलं नाही आणि तिनेही बटण बंद केलं नाही.)

घर पूर्ववत झालं. लक्ष्मीअक्का भाजीवाल्यावर पुन्हा गरजू लागल्या आणि त्याला हायसं वाटलं. शालन जुनी साडी खोचून धुण्याच्या दगडाशी बसू लागली. पेरूच्या पानांवरून आमचं अंगणातच, खुल्या आवाजात भांडण झालं.

"पानं पडणारच, झाड आहे ते!" मी.

"झाड पाडतंय, झाडायचं मी! ह्या घरात कुणालाच जमीन दिसत न्हाय!"

स्कूटरवरची चादर धुवायला काढली ती परत घातली नाही. बॅटरी उतरू नये म्हणून मी गाडी मधूनमधून सुरू करायचो. सुरू केली की थोडा वेळ बसायचो. पुढे पुढे सुरू न करताही बसायला लागलो. खुर्चीपेक्षा बरी आहे, उंच आहे, पेपर हँडलवर ठेवता येतो. दुपारच्या उन्हात बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर एक निवृत्त गृहस्थ स्टँडवर लावलेल्या गुलाबी स्कूटरवर बसून पेपर वाचतो, यात गल्लीला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

एका दुपारी माझा अंगठा हॉर्नवर पडला.

स्वयंपाकघरातून शालन हात ओले, पिठाचे, तशीच धावत आली. फाटकाची कडी काढली. फाटक उघडलं. गल्लीत बघितलं. मग वळून माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही वाजवला व्हय?"

"चुकून."

"काय माणूस हाय!" ती म्हणाली. "मला वाटलं..."  फाटक लगेच लावलं नाही. पिठाचे हात कडीवर ठेवून तशीच उभी राहिली. मग पेरूखालची चार पानं उचलून आत गेली. त्या दिवशी पानांवरून काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी सुजाताचा फोन आला. साधा फोन, व्हिडिओ नाही. हवापाणी झालं, ड्यूटी झाली, बबनमामाची चौकशी झाली. मग सहज म्हणाली, "पप्पा, ते बनियन बदला."

"कुठलं?"

"आता घातलंय ते. मागून फाटलंय. डाव्या खांद्याखाली."

मी फोन घेऊन अंगणात उभा होतो. वर बघितलं. कॅमेरा माझ्याकडे बघत होता.

"सुजाता."

"हं."

"दिसतंय?"

"दिसतंय पप्पा."

"प्रिंटर?"

"प्रिंटर नाही. तुम्ही."

"कधीपासून?"

"पेरूच्या पानांवरून भांडलात ना, त्याच्या आधीपासून."

उद्या करणाऱ्या माणसाने काम केव्हाच करून टाकलं होतं. आमच्या घराला स्वतंत्र पत्ता मिळाला होता, आणि मी रागाच्या भरात केलेल्या सगळ्या दुरुस्त्या निमूट आपापल्या जागी बसल्या होत्या. तसा मेसेजही आला होता. तो कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेसेजांत दबून गेला. आयुष्य बातम्यांत काढलेल्या माणसाकडून नेमकी तीच एक बातमी सुटली. आणि घरात बसून ती कळण्याची सोयच नव्हती. बाहेर काहीच दिसत नव्हतं तेव्हा आत जे दिसायचं, बाहेर सगळं दिसू लागल्यावरही आत तेच दिसत होतं.

"मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"बोलले असते तर तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला असता." मग म्हणाली, "ड्यूटीवरून आले की लावून ठेवते मी. जेवताना. अक्का ओरडत असल्या की बरं वाटतं."

शालन मागून येऊन उभी राहिली होती. तिने एव्हाना पदर डोक्यावर घेतला होता आणि केस सारखे केले होते.

"आई, राहू दे गं," फोनमधून आवाज आला. "होतीस तशीच बस."

शालनचा हात केसांवरच थांबला. मग ती धुण्याच्या दगडावर बसली. कॅमेऱ्याकडे बघावं की न बघावं, हे तिला कळेना. शेवटी फाटकाकडे बघत बसली.

"पप्पा," सुजाता म्हणाली, "आणि ते हॉर्नचं. मी एकदा नाही वाजवायचे. दोनदा वाजवायचे."

"बरं," मी म्हणालो. 

फोन ठेवला आणि सवयीने दुसरं सूत्र शोधलं.

"शालन, माझं बनियन मागून फाटलंय का?"

"लई दिसांपासून," शालन म्हणाली.

एक सूत्र आयर्लंडमधलं, एक अंगणातलं. दोन्ही खरोखरच स्वतंत्र. कारकीर्दीतली ही पहिलीच बातमी, जिच्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. सबंध जग बघू शकेल अशा ठिकाणी, मागून, फाटलेलं होतं.